आदी जागा दाखय

मला दोन आज्या होत्या आणि अळंब्यांच्या बाबतीत दोघींचं एकमेकींशी अजिबात पटलं नसतं. आईची आई पुण्याची, नारायण पेठेतल्या वाड्यात हयात गेलेली. तिच्या स्वयंपाकघरात कांदा-लसूण चातुर्मासात बंद आणि अळंबी बारा महिने बंद. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना वर्ज्य पदार्थांची यादी आहे, तीत लसूण-कांद्याच्या जोडीला कवकंही आहेत. पण आजीने मनुस्मृती कधी उघडली नव्हती. तिला हे सासूकडून कळलेलं, सासूला तिच्या सासूकडून. "कुत्र्याच्या छत्र्या त्या. ओलांडून जायचं." एवढ्यात तिचं सगळं कवकशास्त्र आटपायचं. आम्ही तिची थट्टा करायचो. तरी एक मान्य केलं पाहिजे, की नुसती विषबाधा टाळायची असेल तर याहून बिनचूक पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही.

वडिलांची आई कुडाळकडची. (त्या काळात हे लग्न जमलं कसं, हा वेगळा लेख आहे.) मिरग लागून मोठा गडगडाट झाला की तिचं लक्ष घरात राहत नसे. गडगडाटानेच अळमी उठतात अशी तिची खात्री. एकदोन दिवसांत पहाटे डोक्यावर इरलं घेऊन ती एकटीच बाहेर पडायची आणि चुली पेटायच्या आत ओच्यात अळमी घेऊन परतायची. कुठे जाते ते शेजारणींना कळू नये म्हणून जाताना एक वाट, येताना दुसरी. तिची ठरलेली तीन रोवणं होती. रोवण म्हणजे वारूळ, वाळवीचं. त्यातलं एक तिला सासूने दाखवलेलं, एक माझ्या आजोबांनी, आणि देवराईच्या कडेचं तिसरं तिने स्वतः हेरलेलं. कुठल्या रोवणावर आधी उठतात, कुठलं एक पाऊस सोडून देतं, कुठल्यावर कळ्या घ्यायच्या आणि उमललेल्या ठेवून द्यायच्या, हे सगळं तिच्या डोक्यात. कोयता वर्ज्य, बोटांनी माती सैल करून देठ खालपर्यंत हलक्या हाताने ओढायचा. "लोखंड लागला तर रोवण रुसता," म्हणायची.

आम्ही पोरं सुट्टीत उत्साहाने कुठून कुठून काहीबाही उपटून आणायचो. त्याकडे बघायच्या आधी ती विचारायची, "खंयसून हाडलंस? आदी जागा दाखय." आणि जागा दाखवायला खरोखरच तिच्याबरोबर चिखलातून जावं लागे. फणसाच्या कुजक्या बुंध्याजवळची, शेणकीतली, वईच्या कडेची, सगळी उकिरड्यावर. अगदी तशीच दिसत असली तरी. विशेषतः तशीच दिसत असली तर.

तेव्हा तो म्हातारीचा हेका वाटायचा. पुढे वनस्पतीशास्त्र शिकताना तिच्या हेक्यामागची व्यवस्था कळली. वाळवी कुजका पाला, लाकूड, गवत चावून वारुळाच्या पोटात त्याची जाळीदार पोळी रचते आणि त्यांवर टर्मिटोमायसीस नावाच्या कवकाची शेती करते. लाकूड पचवायचं काम कवक करतं, वाळवी त्यावर जगते. पावसाच्या तोंडाशी ह्या शेतातून छत्र्या वर येतात. खोलवरच्या पोळ्यापासून जमिनीपर्यंत यायचं, म्हणून त्यांचा देठ मातीत लांबच लांब मुळासारखा गेलेला असतो, कधी हातभर. हे कवक वाळवीवाचून छत्री धरत नाही. धिंगरी किंवा बटण अळंबीसारखी त्याची व्यापारी लागवड कुणाला साधलेली नाही. गोवा विद्यापीठातल्या नंदकुमार कामतांनी ह्या अळम्यांचा अभ्यास करण्यात आणि रोवणं वाचवा असं कानीकपाळी ओरडण्यात कित्येक वर्षं घातली आहेत. रोवण आणि त्यातून खोलवर आलेलं ते मूळ, ह्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की चुकायची शक्यता फार कमी होते. आजी रंगरूप नव्हे, पत्ता तपासत होती.

सुश्रुतसंहितेत अन्नपानाचं प्रकरण वाचताना मला तिची फार आठवण झाली. तिथे ही उद्भिदं कशी लावली आहेत? पेंढ्यावरची, उसावरची, शेणावरची, बांबूवरची, जमिनीतली. पांढरी-पिवळी, चपटी-टोकदार अशी वर्गवारीच नाही. जागा विचारूनच पुढे जायचं.

आजीच्या सगळ्या गोष्टींत एक गोष्ट आम्हाला पुन्हा पुन्हा हवी असायची. ती मी तिच्याकडून आणि तिच्या मोठ्या जावेकडून, दोघींच्या दोन तऱ्हांनी ऐकली आहे. पलीकडच्या वाडीत घाटावरची सून आली. तिच्या माहेरी पावसाळ्यात माळावरच्या छत्र्या खायची रीत. इथे पहिल्याच पावसाळ्यात तिला परसात तशाच दिसल्या, पांढऱ्याधोप. माहेरची भाजी घरच्यांना खाऊ घालावी म्हणून तिने हौसेने केली, वर सढळ हाताने ओलं खोबरं. रात्री सगळे जेवले, वाखाणणी झाली, झोपले. मध्यरात्रीपर्यंत काही नाही. पहाटे एकेकाला उलट्या, मग हगवण, अंगातलं पाणी जाईपर्यंत. गावात धावपळ झाली. देवळात गाऱ्हाणं घातलं, कोंबडा मानवला. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे उठून बसले! पेज प्याले. सासरा तर काठी टेकत खळ्यात जाऊन आला. देवाने ऐकलं म्हणून गाव निवांत झालं. तिसऱ्या दिवशी सासऱ्याचे डोळे पिवळे दिसायला लागले, मग दिराचे. आठवडा उलटायच्या आत दोघं गेले.

आजीच्या मते कोंबडा कमी पडला. देवचाराने एक दिवसाची सूट दिली आणि मग आपलं मागून घेतलं. जावेच्या मते करणी. सूनही आजारी पडली होती, पण ती वाचली. वाचली म्हणूनच तिच्यावर आळ आला. तिला माहेरी धाडली ती परत आणली नाही. आजी इथवर आली की थांबायची आणि जावेकडे न बघता म्हणायची, "तिनां पण खाल्ल्यान होता. ज्येका मारूचा आसता तो आपणय जेवता काय?"

देवचाराची ती एक दिवसाची सूट मला पुढे पाठ्यपुस्तकात भेटली. अमॅटॉक्सिन नावाच्या विषाच्या प्रकरणात ती जशीच्या तशी लिहिलेली आहे. जगात अळंब्यांनी होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुतेकांमागे हे विष असतं. अमॅनिटा फॅलॉयडिस ही त्यासाठी सर्वांत कुप्रसिद्ध, पण तिच्या कुळातल्या शुभ्र पांढऱ्या बहिणींत, लेपिओटा नावाच्या काही बारक्या छत्र्यांत आणि लाकडावरच्या गॅलेरिनातही ते सापडतं. ते जिभेला कळत नाही. उकळून, तळून, वाळवून, गोठवून जात नाही. शरीरातल्या प्रत्येक पेशीला प्रथिनं बनवण्याआधी जनुकाची नक्कल काढावी लागते. ती काढणाऱ्या विकरालाच हे विष जखडून ठेवतं. जेवणानंतर साधारण ६ ते १२ तास, कधी त्याहूनही जास्त, काहीच होत नाही. मग पटकीसारखे उलट्या-जुलाब. मग तो फसवा दिवस: पोट शांत होतं, माणूस बोलायला लागतो, घरी जायची घाई करतो. आत यकृताच्या पेशी मरत असतात. कावीळ दिसते तोवर बराच उशीर झालेला असतो. रामबाण उतारा नाही. सलाईन, कोळशाची भुकटी, सिलिबिनिन, अ‍ॅसिटिलसिस्टीन आणि शेवटी जमलंच तर यकृताचं प्रत्यारोपण.

म्हणून इस्पितळात पहिला प्रश्न असतो, खाल्ल्यावर किती वेळाने सुरू झालं? तासा-दोन तासांत पोट ढवळलं तर बहुधा निभावतं. सहा तास शांततेत गेले असतील तर डॉक्टरांच्या पोटात गोळा येतो. अर्थात एकाच कढईत दोन जातींची भेसळ झालेली असली तर हा हिशेबही फसतो, त्यामुळे लवकर उलटी झाली म्हणून घरी स्वस्थ बसू नये, आणि उरलेली भाजी, निवडताना टाकलेले देठ, सगळं पिशवीत घालून बरोबर न्यावं.

त्या वाडीने निरीक्षणात कसूर केली नव्हती. पहाटेची हगवण, दुपारची पेज, तिसऱ्या दिवसाचे पिवळे डोळे, तीन पिढ्या तोंडातोंडी चालत आलं तरी क्रम बिघडला नाही. फक्त आरोपी चुकीचा धरला.

ज्या परीक्षांना लोक 'जुन्या लोकांचं ज्ञान' म्हणतात, त्यातली एकही मी आजीच्या तोंडून ऐकली नाही. त्या शेजारपाजारच्यांकडून कानावर यायच्या आणि आता फोनवर येतात. भाजीत चांदीचं नाणं घाला, काळं पडलं तर विष. लसूण किंवा तांदूळ घाला, रंग बदलला तर विष. किड्याने खाल्लं असेल तर माणसाला चालतं. पांढरी सोज्वळ, रंगीत वाईट. कोकम, चिंच, हळद घातली की उतरतं. चांदी गंधकाने काळी पडते आणि अमॅटॉक्सिनला चांदीशी काही देणंघेणं नाही. गोगलगाई जे पचवतात ते आपलं यकृत पचवेल असा करार नाही. आणि सोज्वळपणाबद्दल वर सांगितलंच. ह्या परीक्षांचा दोष नुसता त्या खोट्या आहेत एवढाच नाही. त्या कुठेही लागू पडतील असा आव आणतात. आजीचं ज्ञान कुठेही लागू पडत नव्हतं. ते तीन रोवणांपुरतं होतं. चौथ्या रोवणाबद्दलसुद्धा ती आधी दोन पावसाळे नुसतं बघायची.

आता पुण्यात आमच्या सोसायटीच्या हिरवळीवर जुलैत काय उगवतं ते सांगते. ताटलीएवढी पांढरी छत्री, वर मध्यभागी तपकिरी खवले, देठावर वर-खाली सरकणारं कडं, खालच्या पापुद्र्या पांढऱ्या. गोल रिंगणात उभ्या असतात, बघत राहावं अशा. दुसऱ्या मजल्यावरचे एक काका पिशवी घेऊनच खाली आले होते. "आमच्या गावाकडे हीच मिळतात. चिकन मागे पडतं." मी एक टोपी मागून घेतली, देठ कापला, पापुद्र्या खाली करून अर्ध्या पांढऱ्या-अर्ध्या काळ्या कागदावर ठेवली आणि वर पातेलं पालथं घातलं. पांढऱ्या बीजाणूंची भुकटी काळ्यावर दिसते, गडद रंगाची पांढऱ्यावर, म्हणून दोन्ही. काकांना म्हटलं, एक रात्र थांबा. सकाळी पातेलं उचललं तर कागदावर पापुद्र्यांची रेघन् रेघ उमटलेली, वाळत चाललेल्या शेवाळासारख्या राखी-हिरव्या भुकटीत. हिरवा बीजाणू म्हटलं की नाव एकच डोळ्यांपुढे येतं, क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत असे उलट्या-जुलाब की धडधाकट माणूस इस्पितळात जातो. जीव सहसा जात नाही, पण घरात लहान मूल किंवा ऐंशीची आजी असेल तर त्या 'सहसा'वर विसंबू नये. कोवळेपणी तिच्या पापुद्र्या पांढऱ्याच असतात, हिरवट झाक नंतर येते, आणि खाणाऱ्याला कोवळीच आवडते.

काका नाराज झाले. "तुम्हा पुण्याच्या लोकांना खायचं काय ते कळत नाही," म्हणाले. नारायण पेठेतल्या आजीला हे ऐकून बरं वाटलं असतं.

पण काकांच्या गावाकडे खरोखरच चांगली मिळत असणार, ह्याबद्दल मला शंका नाही. अडचण ही, की ही हिरवळ नर्सरीतून गुंडाळ्या करून ट्रकने आली. खालची माती कुठल्या तरी खोदकामावरची. गॅलरीतल्या कुंड्यांत घातलेला नारळाचा काथ्या आणखी कुठला, आणि त्यात पावसाळ्यात लिंबासारखी पिवळी जी छत्री उगवते, ल्युकोकोप्रायनस, तीही पोट बिघडवणारीच. ह्या जमिनीशी कुणाच्याच आजीची ओळख नाही. डोळ्यांना छत्री ओळखीची वाटते, तिचा पत्ता मात्र अनोळखी असतो.

माणूस हलतो तेव्हा हे जास्त जीवघेणं होतं. एप्रिल २०२२ मध्ये वरच्या आसामात रानची अळंबी खाऊन काही दिवसांत १३ जण दगावले. दिब्रुगढ, शिवसागर, चराइदेव, तिनसुकिया ह्या भागांतले, बहुतेक चहामळ्यांवरच्या कुटुंबांतले. वर्तमानपत्रांनी अडाणीपणाच्या बातम्या केल्या, त्या मला पटल्या नाहीत. मळ्यांवरच्या पुष्कळ घरांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात छोटा नागपूरच्या पठारावरून मजूर म्हणून नेलेले. सालवनांतली रुगडा, खुकरी ही अळंबी त्या मुलखात आजही पावसाळ्यात बाजारात येतात आणि त्यांचा भाव ऐकून शहरातला माणूस मागे सरतो. म्हणजे खाण्याची रीत शेकडो वर्षांची, पक्की. साल मागे राहिला, रीत बरोबर आली. शिवाय मळ्यावरच्या पगारात फुकट मिळणारी भाजी कोण सोडतो?

कॅनबेरात २०११च्या वर्षअखेरच्या रात्री एका चिनी आचाऱ्याने सहकाऱ्यांसाठी रांधलेल्या जेवणानंतर तो स्वतः आणि आणखी एक जण जानेवारीत गेले. तिथे अमॅनिटा फॅलॉयडिस युरोपातून आणलेल्या ओक वृक्षांच्या मुळांशी राहते. चीनपासून आग्नेय आशियापर्यंत घरोघरी खाल्ली जाणारी भाताच्या पेंढ्यावरची अळंबी आणि ही, कोवळेपणी दोघी अंड्यासारख्या पिशवीतून बाहेर पडतात. कॅलिफोर्नियातही जवळपास तेच: ओक बऱ्याचदा तिथलाच, पण अळंबी परकी, आणि चुकून खाणारा बऱ्याचदा आग्नेय आशियातून आलेला.

माझी भाची तिकडेच, सॅन होजेच्या जवळ असते. तिने परसातल्या छत्र्यांचा फोटो पाठवला, खाली दोन ओळी: 'आत्या, एका अ‍ॅपने खाण्यालायक सांगितलंय. दुसऱ्याने नाही. कुणाचं ऐकू?' फोटोवरून नाव सांगणाऱ्याचं, मग ते अ‍ॅप असो की आत्या, ऐकू नये असं मी कळवलं आणि व्हिडिओ कॉल लावला. आधी फोन वर कर म्हटलं. वर ओक होता. मग खुरप्याने देठाच्या भोवतीची माती काढायला लावली. उपटायचं नाही, खणायचं. देठाच्या तळाशी फाटकी पांढरी पिशवी निघाली. ओढून तोडली असती तर ती मातीतच राहिली असती आणि फोटोत एक देखणी, सभ्य छत्री दिसली असती. भाची हात धुवायला पळाली. हात लावल्याने ते विष चढत नाही, पोटात गेल्यावरच. पण धुतले ते बरंच.

जाणकारीचा दंभ ह्यात किती महाग पडतो त्याची मला माहीत असलेली सर्वांत वाईट गोष्ट पॅरिसची आहे. योहान शोबर्ट हा तिथला नामांकित हार्पसिकॉर्डवादक आणि रचनाकार. लहानग्या मोत्सार्टवर त्याच्या संगीताची छाप आहे. १७६७ मध्ये तो घरच्यांना आणि मित्रांना घेऊन शहराबाहेर गेला, अळंबी गोळा केली आणि एका खानावळीत ती शिजवून मागितली. आचाऱ्याने ही विषारी आहेत म्हणून नकार दिला. बरोबर एक डॉक्टर मित्र होता, तो म्हणे खात्रीशीर खाण्याची आहेत. शेवटी शोबर्टच्या घरीच सूप झालं. शोबर्ट, त्याची बायको, एक मूल सोडून बाकी मुलं, मित्र, असे सगळे गेले. सांगणाऱ्या डॉक्टरसकट. आचाऱ्याचं नाव इतिहासाने जपलेलं नाही.

आजीच्या तीन रोवणांपैकी आजोबांनी दाखवलेलं मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात गेलं. सासूचं रोवण ज्या काजूच्या बांधावर होतं तिथे चुलतभावाने घर बांधलं. देवराईच्या कडेचं आहे म्हणतात. कुठलं ते आता कुणालाच नक्की दाखवता येत नाही. त्यामुळे अलीकडे अळमी घ्यायची ती सावंतवाडीच्या बाजारातून, सागाच्या पानात बांधलेली. मागल्या पावसाळ्यात एका म्हातारीपुढे बसले आणि सवयीने विचारलं, "खंयची गे?"

ती हसली. जागा सांगितली तर उद्यापासून तिच्या पोटावर पाय, हे मलाही कळत होतं.

"रानातली," ती म्हणाली. "आमच्या घरात काल हीच केल्लंव. आमी जित्ती आसंव मा?"

शोबर्टनेही स्वतः खाल्लं होतं. आणि काल म्हणजे नक्की किती तास, हे विचारायचं मी टाळलं. पान सोडवून एकेक देठ बाहेर काढला. कळ्या टोकदार, देठ भरीव, आणि खाली वीतभर लांब निमुळतं मूळ, त्याला रोवणाची बारीक लाल माती चिकटलेली. सगळे तसेच होते. एखाद-दुसरा वेगळा घुसला नव्हता. म्हातारी माझ्याकडे बघत होती. तिने कमरेची सुरी काढली.

"मुळां कापून साफ करून देव? शेरातली मानसां तशीच मागतत."

"नको," म्हटलं, "रवांदेत."